पहाटे साडेचारचं ऊन

— नाही सर, पावती दाखवून काही होणार नाही. पावती माझ्याकडेपण आहे, हे बघा, स्क्रीनवर — कुमारी अपूर्वा राऊळ, वय तेरा, व्हिटॅमिन डी — आणि त्याच्यापुढे काय दिसतंय? लाल अक्षरात? होल्ड. होल्ड म्हणजे थांबा. तुम्हाला कळायला हवं, आयुष्यभर शिट्टी फुंकून तेच तर सांगत आलात दुसऱ्यांना — सावधान, विश्राम, एक-दोन-थांब. मग आज पाच मिनिटं तुम्ही थांबा. लंच टाइम आहे, दार लोटलंय, डॉक्टर मॅडम घरी जेवायला गेल्यात, त्या तीनशिवाय यायच्या नाहीत. म्हणजे आत्ता या लॅबमध्ये मी आणि तुम्ही. धाप लागलीय, दिसतंय मला. दोन जिने आहेत ना — डिलाईल रोडच्या या जुन्या बिल्डिंगीत लिफ्ट कोण लावणार? बाकावर बसा हवं तर. नको? बरं, उभे राहा.

हो हो, घाई आहे, ऐकलं मी. आल्यापासून तीनदा म्हणालात. घाई सगळ्यांनाच असते. बुधवारी फोन केलात तेव्हा मी काय सांगितलं? मशीन बंद आहे. शुक्रवारी? किट संपलंय. शनिवारी? डॉक्टरांची सही राहिलीय. आज सोमवार, आणि आज तुम्ही स्वतः आलात, सूनबाईंना नाही पाठवलंत. बरं झालं. मला तुम्हीच हवे होतात.

ओळखलंत मला? थांबा, मास्क काढते. आता? नीट बघा. दर्शना. दर्शना घाडी, क तुकडी — आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्षं पी.टी.ला तुम्हीच होतात. नाही आठवत? कमाल आहे हां. मला तुमची शिट्टीची दोरीसुद्धा आठवते, निळी होती, एका टोकाला गाठ मारलेली, आणि तुम्हाला अख्खी मी आठवत नाही — त्या वेळी तर मी पंच्याऐंशी किलो होते, सर, लपण्यासारखी गोष्ट नव्हती. पण चूक तुमची नाही. तुमच्या डोळ्यांसमोर मी होतेच कुठे? ओळीतली मुलं तुम्हाला आठवत असतील. मी वर्गात असायचे. दप्तरांजवळ.

हां, आता काहीतरी आठवलं वाटतं. दप्तरं! पी.टी.च्या तासाला वर्ग मोकळा राहतो, दप्तरांतून वस्तू जातात, म्हणून तिघांनी मागे थांबायचं — तुमचाच नियम. आळीपाळीने थांबायचं, असं ठरलं होतं. किती दिवस चालली हो ती आळीपाळी? दोन आठवडे! मग विनीतला दमा म्हणून तो कायमचा मागे, मेघनाचा एक पाय आखूड म्हणून ती कायमची मागे, आणि मी? मला काय झालं होतं? मला दमा नाही, पाय दोन्ही सारखे. मी लेझीम खेळायचे सर, चांगली खेळायचे, आमच्या चाळीच्या गणपतीत पोरं मला बोलवून न्यायची, दर्शे, तू पुढे राहा, तुझा ठेका चुकत नाही. आणि शाळेच्या क्रीडादिनाला तुम्ही लेझीम बसवलीत, मी दुसऱ्या रांगेत होते, चार दिवस सराव केला, आणि पाचव्या दिवशी तुम्ही लांब जाऊन, डोळ्यावर हात धरून बघितलंत आणि म्हणालात — शिव्या नाही दिल्यात हां, ते मी मान्य करते, शिवी दिली असती तर मी घरी जाऊन सांगितलं असतं — तुम्ही एवढंच म्हणालात, "हिच्यामुळे ओळ वाकडी दिसते. हिला दप्तरांजवळ बसवा." झालं. तीन वर्षं.

— मध्ये बोलू नका ना, सर. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, हेसुद्धा तुमचंच. बोलेन मी रिपोर्टबद्दल, त्याच्यावरच येतेय.

कसा होता तो वर्ग, माहितीये? तळमजल्याचा, कोपऱ्यातला. आधी खिडकीबाहेर गिरणीची भिंत होती, मग भिंत पाडून टॉवरचं काम सुरू झालं आणि तिथे पत्रे आले, निळे पत्रे, खिडकीच्याही वरपर्यंत. मुलं मैदानात गेली की शिपाईमामा बल्ब बंद करून जायचा — तिघांसाठी कशाला दिवा? आठवड्याला तीन तास, साडेअकरा ते सव्वाबारा, ऐन दुपार, मैदानावर ऊन कसं पांढरं पडलेलं, तुमची शिट्टी ऐकू यायची, मुलांचे पाय ऐकू यायचे, आणि आम्ही तिघं अंधारात पासष्ट दप्तरं मोजत बसलेलो. घरी यावं तर चाळीत आमची खोली मागच्या बाजूची. गॅलरीत जरा उभी राहिले की आजी ओरडायची, "खंय चल्लंस गो उन्हात? काळी होशीत!" जाडी तर जाडी, वर काळी, मग लग्न कोण करणार, हा तिचा हिशोब. गच्चीवर गेले की पोरं म्हणायची, गच्ची खाली येईल. मग नाही गेले. सांगा ना सर, कुठल्या बाजूने ऊन लागणार होतं मला? एकेकाने एकेक दार लावून घेतलं, आणि शेवटी सगळे मिळून म्हणाले — पोरगी आळशी आहे.

नववीत पाय दुखायला लागले. दुखायला म्हणजे कसं, तर जिना चढताना मांड्यांतून कोणी पिळून काढतंय असं. तिसऱ्या मजल्यावर राहायचो, मी प्रत्येक मजल्याला बसायचे. आई रोज तेल लावायची. डॉक्टरकडे नेलं, त्यांनी माझ्याकडे न बघता वजनकाट्याकडे बघितलं आणि म्हणाले, जाडी कमी करा, आपोआप थांबेल. सगळ्यांचं एकच. डोकं दुखतं, जाडी. ताप येतो, जाडी. तुमच्या पिढीला ना, जाड मूल दिसलं की पुढचं काही दिसतच नाही. बाकी सगळी तपासणी बंद. तो डॉक्टर तसा, तुम्ही तसे, माझे बाबासुद्धा तसेच — बाबा तर म्हणायचे राऊळ सर सांगतात ते बरोबर, सरांनी किती मुलं घडवली. घडवलीत! मला काय घडवलंत?

आणि एकदा आणलंत हां तुम्ही मला मैदानात. तीन वर्षांत एकदा. का आणलंत — नाही, ते जाऊ दे. नाही, सांगतेच. विनीतचा डबा मी खाल्ला होता. अंधारात बसून भूक लागते हो, आणि भूक नसली तरी लागते, हात काहीतरी शोधत राहतो. त्याच्या डब्यात शिरा होता. त्या दिवशी तो आजारी म्हणून लवकर घरी गेला, डबा विसरला, म्हटलं वाया जाईल. हे मी कोणाला सांगितलेलं नाही आजवर, की तो पहिला डबा नव्हता. दुसऱ्यांच्या दप्तरातले पण. एक घास, दोन घास, कळणार नाही इतकं. हसू नका. हसत नाही? मग ठीक. तुम्हाला कळलं आणि तुम्ही मला उन्हात बाहेर काढलंत आणि म्हणालात, दहा फेऱ्या. अख्खी शाळा मधल्या सुट्टीत, कठड्याला टेकून बघतेय. मी पळाले सर. मला वाटलं, पळून दाखवते यांना. तीन फेऱ्या पळाले. चौथ्या फेरीत पाय उचलेना, म्हणजे मी सांगतेय उचल आणि तो ऐकतच नाही, आणि मी अशी बसले, बसल्या बसल्या आडवी झाले. तुम्ही आलात. माझ्या डोक्याशी तुमचे बूट. वर बघितलं तर तुमचं तोंड उन्हात दिसेना. तुम्ही काय म्हणालात? एकच शब्द. "नाटक."

मावशी, ती लघवीची बाटली टेबलावर नको हो ठेवू, तिकडे खिडकीत ट्रे आहे, त्याच्यात ठेव! झाकण घट्ट लावलंयस ना? नाव लिहिलंय? बरं, जा तू, रिपोर्टला उद्या ये सकाळी. — हां. कुठे होतो आपण? नाटक.

मी बी.एस्सी. केलं, मग या लाइनीचा डिप्लोमा केला. तिथे काय पद्धत असते सांगू? रक्त काढायला शिकायचं तर पेशंट कोण देणार? आम्ही मुलीच एकमेकींचं काढायचो, आणि ते रक्त फुकट घालवायचं नाही, त्याच्यावरच टेस्ट शिकायच्या. माझ्या वाट्याला माझंच रक्त आलं, व्हिटॅमिन डी. मशीनने आकडा दिला — पाच. पॉइंट काहीतरी. तीसच्या वर असावा म्हणतात, वीसच्या खाली गेला की कमी. बाईंना वाटलं मी टेस्ट चुकवली. पुन्हा करायला लावली. पुन्हा पाच. मी तिथेच स्टुलावर बसून रडले आणि बाकीच्यांना वाटलं घाबरली. घाबरले नव्हते हो! मला आनंद झाला होता. सहा-सात वर्षांनी कोणीतरी, एका मशीनने का होईना, सांगितलं की दर्शना घाडी नाटक करत नव्हती.

आता नीट ऐका, हे तुमच्या नातीचंच आहे. जाड मुलांमध्ये हे जास्त का होतं? व्हिटॅमिन डी चरबीत मुरतं. जाऊन बसतं तिथे. म्हणजे जेवढं उन्हातून मिळेल, गोळीतून मिळेल, त्यातलं बरंचसं चरबी ओढून घेते आणि रक्तात थोडं उरतं. म्हणजे अशा मुलाला ऊन जास्त लागतं, औषध पण डॉक्टर जास्त देतात. इतरांपेक्षा जास्त! आणि आपण काय करतो? नेमकं त्याच मुलाला सावलीत बसवतो. कारण ते उन्हात आलं तर सगळ्यांना दिसतं.

अपूर्वा आली होती गेल्या सोमवारी, तिच्या आईबरोबर. आई बाहेर फोनवर. आडनाव वाचलं, पत्ता वाचला, आणि विचारलं, राऊळ सर तुझे कोण? म्हणाली, आजोबा. सर, माझ्या हातातली सुई दोन सेकंद तशीच राहिली. चेहरा तुमचाच आहे तिचा. कपाळ तर थेट. आधी दुसऱ्या लॅबमध्ये तिला चार ठिकाणी टोचलं होतं, हात निळा करून ठेवलेला, म्हणे जाड आहे, शीर सापडत नाही. सापडते की. डोळ्यांनी नाही सापडत, बोटाने शोधावी लागते. मला एकदाच टोचायला लागलं. बिचारी सुईकडे बघायला नको म्हणून बोलत सुटली. काय काय बोलली सांगू?

म्हणाली, आजोबा मला रोज पळायला नेतात. म्हटलं छान, कुठे? शिवाजी पार्कला. आता तुम्ही राहता परळला, तुमच्या बिल्डिंगीतून उतरून पाच मिनिटांवर मैदान आहे, तिथे का नाही? तर म्हणाली, तिथे आजोबांना सगळे ओळखतात. आणि किती वाजता? साडेचार. पहाटे! स्कूटरवर बसवून नेता तुम्ही तिला, आणि मॉर्निंग वॉकवाले काका-काकू यायच्या आत परत आणता. अंधारात नेऊन अंधारात आणता! पी.टी.च्या राऊळ सरांची नात जाडी आहे, हे कोणी बघता कामा नये. दोन वर्षं. साडेचारला कुठलं ऊन असतं, सर? असतं का? मग दिवसभर शाळा, क्लास, आणि घर म्हणजे चौथ्या मजल्यावर, समोर टॉवरचं सात मजली पार्किंग. आणि वर तुम्ही सुनेला सांगता, आमच्या वेळी कुठे होतं हे व्हिटॅमिन-बिटॅमिन, आम्ही गिरणगावातली पोरं भाकरी खाऊन दगड झालो. दगड झालात, दिसतंयच.

गुडघा दुखतो म्हणाली. सहा महिने. तुम्ही गुडघा दाबून बघितलात, सूज नाही, काही नाही, आणि काय म्हणालात तिला? तोच शब्द. बारा वर्षांनी तोच शब्द, सर, दुसरा शिकला नाहीत तुम्ही! म्हणे, "रिपोर्ट येऊ दे, रिपोर्टमध्ये काही निघालं तर पळणं बंद, तोपर्यंत नाटक नको." आणि मग ती मला म्हणाली — कापूस धरून बसली होती हातावर — म्हणाली, "ताई, रिपोर्ट खराब आला तर बरं होईल ना? खराब आला तर आजोबांना खरं वाटेल."

तेरा वर्षांची पोरगी. देवाकडे काय मागते? खराब रिपोर्ट.

— काय, काय सारखं? "ऐक, ऐक" काय? ऐकलं की मी तुमचं तीन वर्षं. आज तुमची पाळी.

आला खराब. मंगळवारी दुपारीच आला. सहा पॉइंट आठ. मशीन बंद नव्हती, सर. किटही होतं. मॅडमनी सही पण केली मंगळवारीच. होल्ड मी टाकला. मी, या बोटाने. कारण तो पाठवला असता तर काय झालं असतं? व्हॉट्सअ‍ॅपवर टुंग वाजलं असतं, सूनबाईंनी उघडला असता, तुम्ही चहा पीत म्हणाला असता, बरं बरं, गोळी आणा. संपलं. इतक्या सहज? मला तुम्ही इथे हवे होतात. काउंटरच्या त्या बाजूला. दोन जिने चढून, पाय दुखत, वाट बघत, आणि माझ्या हातात कागद. बारा वर्षं मी ठरवत होते तुम्ही भेटलात तर काय बोलायचं. आरशासमोर बोलून बघितलंय. तुम्ही प्रत्येक वेळी फोन केलात आणि मी म्हटलं मशीन बंद आहे, आणि फोन ठेवून डबा खाल्ला, आणि इतका छान लागला तो डबा — काय सांगू.

आता तुम्ही माझी माफी मागायची. मग मी एंटर दाबणार, प्रिंट निघणार. एवढंच. माफी, आणि मग तो शब्द परत घ्यायचा, माझ्यासाठी आणि तिच्यासाठी. मोठ्याने. बोला. आता का बोलत नाही? आता तर मी म्हणतेय बोला.

काय?

कधी?

आज सकाळी. मैदानात. — पडली म्हणजे कशी पडली? ठेच लागून? नाही ना? अशीच बसली, आणि मग आडवी… हो. आणि मग उठवलंत तुम्ही तिला? तिला चालवलंत? सर, तिला चालवलंत त्या पायावर? किती? स्कूटरपर्यंत. बरं. बरं. मग?

खुबा. खुब्याचं हाड सरकलंय. गुडघा नाहीच. दुखतो गुडघ्यात आणि असतं खुब्यात — होतं असं, वाढत्या वयात, वजन जास्त असलेल्या मुलांना होतं, कमी डी असलं की आणखी… मला माहीत होतं हे. म्हणजे वाचलेलं होतं. तेव्हा सुचलं नाही. ती गुडघा म्हणाली, आणि मी माझेच पाय आठवत बसले.

आज संध्याकाळी? स्क्रू टाकणार. आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं, काही रक्ततपासणी झालीय का, आणि सूनबाई म्हणाल्या झालीय, रिपोर्ट यायचाय. म्हणून तुम्ही आलात. तरी म्हटलं दुपारी दीड वाजता पायात स्पोर्टशूज कसे. गुडघ्याला माती. ती मैदानाची आहे, हो ना? तिला उचलताना लागलेली. तुम्ही आल्यापासून मी बघतेय ती माती. तुम्ही तीनदा सांगायला गेलात आणि मी —

गप्प बसा जरा. मला प्रिंट काढू द्या.

हा कागद अडकतो नेहमी. थांबा. निघेल. निघतोय. — नाही, पाणी नको मला, तुम्ही घ्या, तिकडे आहे माठ. काही विचारू नका आत्ता. ती काय म्हणाली? पडल्यावर? बोलली काही?

"रिपोर्ट आला का." हे विचारलं तिने? मैदानात, झोपल्या झोपल्या?

…

हा घ्या. घडी घालू नका, तसाच न्या. वर नाव आहे, मध्ये आकडा, सहा पॉइंट आठ, बाजूला लिहिलंय डेफिशिअन्ट, त्या डॉक्टरांना कळेल किती आहे ते, बाकीचं ते बघतील, औषध वगैरे. आणि इथे खाली बघा, नमुना घेतला ती तारीख, आणि रिपोर्ट तयार झाला ती तारीख. मंगळवार. आज सोमवार. ती मला खोडता आली असती, एक मिनिटाचं काम आहे, नाही खोडली. ते डॉक्टर विचारतील, सहा दिवस हा कागद कुठे होता? त्यांना माझं नाव सांगा. मॅडमना मी स्वतःच सांगेन तीन वाजता, त्या काढतील मला, काढू देत. पण सर, एक ध्यानात ठेवा, असा खाली मान घालून उभं राहून तुमचं माझं फिटलं असं समजू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. सहा दिवस माझे आहेत, ते मी घेते. पण पहाटेचे सगळे दिवस तुमचे, दोन वर्षांचे, त्यातला एकही मी घेणार नाही. आणि दप्तरांजवळची माझी दुपार वेगळीच. ती राहू दे. तिच्यासाठी आज वेळ नाही.

माफी? आता मागताय? मला नको आता. काय करू मी तिचं? मला नाही, अपूर्वाला मागा. ऑपरेशनला आत नेण्याआधी. तिच्या उशाशी उभे राहा आणि हा कागद तिला वाचून दाखवा. सगळा. आकडा वाचा, खालची तारीख पण वाचा, आणि तारीख का उशिराची तेही सांगा — त्या लॅबमधल्या ताईने दाबून ठेवला होता, असंच सांगा, गोड करून नाही. तिला माझ्यावर राग येऊ दे. यायलाच हवा. पण आधी ते दुसरं सांगा. तू खरं बोलत होतीस. एवढं. तुमच्या तोंडून. तिच्या आईच्या नाही, डॉक्टरच्या नाही, तुमच्या. मोठ्याने, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं. आवाज आहे ना तुमच्याकडे? मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जायचा की.

रडू नका इथे. रडायला लागलात तर मला राग येईल पुन्हा. टॅक्सी खाली नाक्यावर मिळेल. स्कूटर राहू दे. धरा कठडा, सावकाश उतरा, दुसऱ्या जिन्याची एक पायरी तुटलीय.

निघा, सर. जा ना आता. जा!